घरचा मिनी पोकलेन घेताय? या चुका टाळा

चार वर्षांपूर्वी अंबड तालुक्यातल्या आमच्या रानात मी जुना पावणेदोन टनी मिनी पोकलेन आणला. मोसंबीचे खड्डे घ्यायचे होते. वरची काळी माती त्यानं लोण्यासारखी कापली. दोन फुटांखाली मुरूम लागला, तोही कसाबसा निघाला. मग बकेटचे दात खडकावर किर्रर्र घासले आणि मशीनचंच तोंड वर उचललं गेलं. आमचा सालगडी बांधावरून म्हणाला, "मालक, हे तर पहिल्या चासालाच बसलं."

चूक मशीनची नव्हती. भाव बघितला होता, रान बघितलं नव्हतं. मराठवाड्यात वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे ठिसूळ खडक आणि त्याखाली काळा पाषाण, हे खरं. पण कुठला थर किती फुटांवर लागतो ते गट नंबर बदलला की बदलतं. त्यासाठी पैसे टाकून परीक्षण करायची गरज नाही. स्वतःच्या विहिरीत वाकून कडा बघा, सगळे थर ओळीनं दिसतात. पावणेदोन टनी मशीन साधारण सव्वादोन मीटर खोल जातं आणि तीन टनी तीन मीटरच्या आसपास, पण हे आकडे मऊ मातीचे आहेत. पाषाणात मशीनला वजन लागतं. छोट्या मशीनला ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, छोटाच बसतो आणि तो पाषाणावर नुसता टकटक करत राहतो. विहिरीचा कातळ फोडायची आशा मिनीकडून धरूच नका.

शेततळ्याचंही तसंच. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, एकास एक उताराचं तळं धरलं तर माती निघते जवळपास २,२०० घनमीटर. छोट्या मशीनची बकेट चाळीस लिटरची. मिनिटाला तीन बकेटा धरल्या तरी तासाला सव्वासात घनमीटर, म्हणजे न थांबता तीनशे तास. शिवाय खणलेली माती फुगते आणि ती वर काढून लांब टाकायला मिनीचा हात पुरत नाही. तळं मोठ्या पोकलेनकडून भाड्यानं करून घ्या. मिनीचं खरं काम म्हणजे पाइपलाइनची फूटभर रुंद, तीन फूट खोल चारी, बागेतले खड्डे, चर साफ करणं आणि जेसीबी शिरत नाही अशा दोन ओळींमधलं खोदकाम.

ही कामं वर्षाला किती तास निघतात ते वहीत लिहून काढा. दहा लाखांचं मशीन बारा टक्के व्याजानं घेतलं तर पहिल्या वर्षी व्याजच १ लाख २० हजारांच्या घरात जातं. तुमचं काम पन्नास-साठ तासांचं असेल, तर भाड्याच्या मशीनवाल्याला चहा पाजणं परवडतं. मी हा हिशोब मशीन दारात आल्यावर मांडला, तेव्हा बायकोनं वहीकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही.

मोबाइलवर दिसणाऱ्या भावाला भुलू नका. त्यात बहुतेक वेळा १८ टक्के जीएसटी आणि वाहतूक धरलेली नसते. एक टनाच्या काही स्वस्त मशीनमध्ये बूम, म्हणजे बकेट धरणारा मोठा हात, डाव्या-उजव्या बाजूला वळत नाही, मग बांधाला किंवा भिंतीला लागून चारी घेता येत नाही. ब्रेकर किंवा ऑगर (खड्डे पाडायचा गिरमिट) लावायचा असेल तर जादा हायड्रोलिक लाइन आधीच आहे का ते बघा. आणि विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: फिल्टर, सील किट आणि रबरी चेन जालन्यात किंवा संभाजीनगरला मिळेल का? तो "मागवून देतो" म्हणाला, तर ऐन हंगामात मशीन गोठ्याशेजारी उभं राहणार.

जुनं मशीन बघायला सांगून जाऊ नका, आणि सांगून गेलातच तर इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं, तर थंड इंजिनचं स्टार्टिंग तुमच्यापासून लपवलंय. तासांचा मीटर बदलता येतो. पायाखालचं पेडल आणि सीट कशी झिजली ते लपत नाही. बकेट जमिनीवर टेकवून हलवा, सांध्यांतल्या पिन-बुशची ढील लगेच कळते. मग निदान तासभर काम करायला लावा, कारण पंपाचं दुखणं तेल तापल्यावरच बाहेर येतं. शेवटी भरलेली बकेट उंच धरून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बघा. बूम दिसेल इतकी खाली आली, तर बूम उचलणाऱ्या हायड्रोलिक सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय.

मी दहा मिनिटांत व्यवहार केला होता. मे महिन्यात मशीन तासाभरानं मरगळायला लागलं, सगळ्याच हालचाली मंद. एका मेकॅनिकनं पंप उतरवायचा सल्ला दिला. दुसऱ्यानं आधी मागचं झाकण उघडलं. ऑइल कूलरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू गोधडीसारखे बसले होते! आतून बाहेर हवा मारली, तेलाची पातळी पूर्ण केली, काम भागलं. तेव्हापासून ध्यानात ठेवलंय: सगळंच मंद झालं तर आधी तेल, फिल्टर, कूलर आणि मग पंप. एकच सिलिंडर मंद असेल तर दोष त्याच्याच सीलमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये असतो. मशीन सरळ चालताना एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही चेनचा ताण बघा, नंतर त्या बाजूची चेन फिरवणारी ट्रॅव्हल मोटर.

पावसाळ्यात ओल्या काळ्या रानात घालूच नका. चिखल चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात (स्प्रॉकेट) घट्ट बसतो आणि चेन उतरते. उन्हाळ्यात उलटं, दगडावर जागच्या जागी गरकन फिरवलं की रबर चिरतं. चेन सैल करायचा ग्रीसचा व्हॉल्व्ह तोंड बाजूला ठेवून हळूहळूच ढिला करा, आत दाब भयंकर असतो.

घरचं मशीन म्हटलं की पाहुणे येणारच. मेहुण्याला "दोनच तास" हवं होतं, तेही रात्री, मुरूम काढायला. विनापरवाना गौण खनिज काढलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो आणि मशीनही जप्त होतं. तहसीलच्या आवारात उभं राहिलं असतं ते माझं मशीन. हल्ली चावी आईच्या उशाखाली असते, आणि तिच्याकडे मागायला मेहुणा अजून आलेला नाही.