सोलापूरहून लाँगयिअरब्येनला जाताना

लाँगयिअरब्येन म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं, 78 अंश उत्तरेचं छोटं गाव. तिथला विमानतळ 1975 साली सुरू झाला, धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर.

आधी व्हिसा. बहुतेक जण इथेच फसतात. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ओस्लोहून तिकडे निघालात की शेंगेनमधून बाहेर पडलात. परतताना पुन्हा प्रवेश. म्हणून दोन किंवा अधिक प्रवेशांचाच शेंगेन व्हिसा मागा. एका प्रवेशाचा असेल तर परतीची वाट अडते.

विमानातून उतरून इमारतीपर्यंत उघड्यावर चालावं लागतं. जाड कोट, कानटोपी, हातमोजे हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नाही. अंगालगत लोकरीचा थर हवा. सुती कपडा घाम धरतो आणि अंग गारठतं. आपली सोलापुरी चादर इथे कामाची नाही! पॉवरबँक केबिनमध्येच न्या. थंडीत मोबाईलची बॅटरी झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा.

खाऊमध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी उत्तम. पेढे, तूप, खवा मात्र नको. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून नेता येत नाहीत.

गावात जायला विमानाच्या वेळेला बस असते. वस्तीबाहेर एकटं भटकू नका, पांढरी अस्वलं असतात.

हवामानामुळे विमानं रखडतात. ओस्लोहून मुंबईचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर मध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवा.