गर्द (ब्राउन शुगर, हेरॉईन) सुटून घरी आलेल्या पोराला ओव्हरडोसपासून कसं वाचवायचं

व्यसनमुक्ती केंद्रातून नाहीतर जेलमधून दोन-तीन महिन्यांनी पोरगा घरी आला की वाटतं सुटलो एकदाचे, पण खरं सांगते, ते पहिले काही आठवडेच सगळ्यात धोक्याचे, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते आणि डोक्यात मात्र जुनंच माप बसलेलं असतं. तेवढंच माप परत घेतलं की श्वास बंद पडू शकतो. हे त्याला सरळ सांगा. "परत घेतलंस तर घरात पाय ठेवू नकोस" म्हटलं की तो लपून घेणार, संडासात कडी लावून, आणि तिथेच पोरं जातात. त्यापेक्षा सांगा की पाय घसरलाच तर एकटा राहू नकोस, वर दारू नको, झोपेच्या गोळ्या नकोत.

ओळखायचं कसं? हाक मारली, छातीचं हाड मुठीने जोरात चोळलं तरी उठत नाही, श्वास अगदी थांबून थांबून नाहीतर घशात घरघर, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "झोपलाय, झोपू दे" असं करू नका प्लीज.

लगेच १०८ लावा आणि श्वास बंद आहे असं स्पष्ट सांगा. गाडी येईपर्यंत उताणं झोपवून हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, दर पाच सेकंदाला एक, छाती वर येते का बघत. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. श्वास नीट सुरू झाला की कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही. दूध, लिंबू, मिठाचं पाणी काही पाजायचं नाही, थंड पाण्याखाली बसवायचं नाही, त्यात फक्त वेळ जातो. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा, उतारा म्हणून नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, पण त्याचा असर गर्दच्या आधी उतरू शकतो, म्हणून शुद्धीवर आला की लगेच घरी आणू नका.

आणि परत सुरू झालंच असेल तर ओएसटी सेंटरला (म्हणजे गर्दच्या जागी औषध देणाऱ्या केंद्रात) न्या, तिथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला देतात, फुकट, रोज समोर बसवून. सुई घेणारा असेल तर नवीन सुया, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची टेस्ट कुठे होते तेही तिथेच विचारा, हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात औषध मोफत आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ह्या सुया देणाऱ्या-घेणाऱ्यांना संरक्षण दिलंय, त्यामुळे घाबरू नका. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १४४४६ वर फोन करा.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या, पहिली गोळी टर्की (गर्द न मिळाल्याने होणारा त्रास) सुरू झाल्यावरच देतात, गर्द अंगात असताना दिली तर टर्की एकदम भडकते, आणि मग पोरं "गोळी बेकार आहे" म्हणत पळतात. म्हणून शेवटचं कधी घेतलं ते खरं सांगायला लावा आणि पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः सोबत बसा.