कलर उडालेल्या, पापुद्रे निघालेल्या गाडीवर व्हिनाइल रॅप कसा करायचा

बोनेटचा आन टपाचा कलर उडालाय, पापुद्रे निघायलेत, पेंट मारायचा खर्च नको म्हणून वरून रॅप, म्हणजे व्हिनाइलची रंगीत प्लास्टिक फिल्म, चिकटवून टाकू का, असं लय जण विचारायलेत. सरळ सांगतो, रॅप होतो, पण उडालेल्या कलरवर होत नाही. आधी तो कलर धड करावा लागतो आन मग त्यावर रॅप. रॅपच्या कामातलं निम्म्याहून जास्त काम फिल्म हातात घ्यायच्या आधीच असतं, आन ज्याला ते काम करायचं नाही त्यानं रॅपच्या नादाला लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण समजून घ्या. चांगली फिल्म डिंकासकट ८० ते १०० मायक्रॉनची असते, म्हणजे जवळपास माणसाच्या केसाएवढी जाड. एवढ्या पातळ फिल्मखाली पापुद्र्याची कड, खडा, पोचा काहीच लपत नाही, उलट ग्लॉस म्हणजे चकचकीत फिल्म असली तर उन्हात ती कड आधीपेक्षा जास्त उठून दिसते. आन दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. फिल्म धरते क्लिअर कोटला, म्हणजे कलरवरच्या पारदर्शक थराला, आन तुमच्या गाडीत नेमका तोच थर खालच्या कलरला सोडून बसलाय. मग तुम्ही फिल्म कितीबी महागाची लावा, ती सुटत्या गोष्टीला चिकटवल्यासारखी होणार, उन्हाळ्यात कडा उचलणार आन उचलताना पापुद्रा सोबत घेऊन येणार.

आपल्याकडं हे जास्त का होतं तर उन्हामुळं. उन्हातले अतिनील किरण क्लिअर कोट खातात, म्हणून सगळ्यात आधी टप, बोनेट आन डिक्कीचं झाकण जातं, दरवाजे बऱ्याचदा ठणठणीत असतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ च्या वर जातो आन गाडी दिवसभर उघड्यावर, त्यात बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं धुवायची आन उन्हातच वाळू द्यायची, मग पांढरे डाग पडतात आन तो थर अजून लवकर खराब होतो.

आता तपासणी. गाडी धुवून पूर्ण वाळवा. पॅकिंगची चिकटपट्टी पापुद्र्याच्या कडेपासून चांगल्या कलरपर्यंत दाबून लावा आन झटक्यात ओढा. पट्टीला कलर आला तर तिथला कलर गेलेला समजा, अजून थोडं पुढं सरकून पुन्हा लावा, जिथं पट्टी कोरी निघते तिथून खरा धरलेला कलर सुरू होतो, तिथं मार्करनं खूण करा. चांगल्या दिसणाऱ्या भागावरबी चार-पाच जागी हे कराच, कारण एकदा रिपेंट झालेली गाडी वरून चकचकीत असते आन आतून सुटलेली. सेकंडहँड गाडी असली तर एक छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथं चुंबक ढिलं धरतं तिथं खाली जाड लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, भरलेली आहे.

या तपासणीवरून ठरवायचं. फक्त टप आन बोनेट गेलं असेल तर रॅप एकदम योग्य आहे, तेवढेच दोन पॅनल करा, काळा टप तर बऱ्याच गाड्यांना शोभतो. पण चारी बाजूंनी कलर सुटत असेल तर पूर्ण पेंटच करा, कारण रॅपसाठी तेवढी सगळी घासाई, प्रायमर, कलर करावंच लागणार, मग वरून फिल्मचे पैसे कशाला घालायचे. आन गंज फुगलेला असेल, दरवाज्याच्या खालच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीत फोड आलेले असतील, तर फिल्म अजिबात नको. खाली ओल अडकते आन फिल्मच्या आत गंज गुपचूप वाढत राहतो, पत्रा भोकं पडेपर्यंत तुम्हाला दिसतबी नाही. आधी उजळ पत्रा लागेपर्यंत गंज घासायचा, मग इपॉक्सी प्रायमर.

गारपिटीच्या पोच्यांचं पण सांगतो, कारण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातल्या गारपिटीपासून मराठवाड्यात बोनेटवर बारीक पोचे असलेल्या गाड्या काही कमी नाहीत. कलर फुटलेला नसेल तर बिनपेंटाचं डेंटिंग करणारे कारागीर आतून ठोकून पोचा काढतात, ते आधी करून घ्या. रॅपखाली पोचा तसाच दिसतो.

आता घासाई, इथं घाई नको. सुटलेले पापुद्रे आधी प्लास्टिकच्या पट्टीनं काढा, जेवढे निघतील तेवढे निघू द्या, अर्धवट धरलेला पापुद्रा ठेवून काही फायदा नाही. मग २४० किंवा ३२० नंबरच्या पेपरनं लाकडी ठोकळ्याला गुंडाळून कड उतरती करायची, नुसत्या बोटांनी घासलं की बोटाएवढे चर पडतात. कड उतरती झाली का हे डोळ्यानं कळत नाही. डोळे मिटून तळहात फिरवा, पायरी लागली म्हणजे अजून घासायचंय. पत्रा उघडा पडला तर त्या दिवशीच प्रायमर मारा, उघडा पत्रा रात्रभर दमट हवेत ठेवू नका. खड्डे असतील तिथं लांबी, वरून टू-के म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा प्रायमर, मग ६०० चा वॉटर पेपर लावून पाण्यानं घासाई.

आन इथंच बहुतेक जण थांबतात, प्रायमर गुळगुळीत झाला की फिल्म चिकटवायला घेतात. नका करू. प्रायमर आन पुट्टी सच्छिद्र असतात, डिंक त्यांना नीट धरत नाही, आन एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजची पुट्टी तर ओलबी पिते. प्रायमरवर टू-के कलर किंवा क्लिअरचा एक पूर्ण कोट लागतोच. हा कलर फिल्मखाली झाकला जाणार म्हणून शेड तंतोतंत जुळवायची गरज नाही, साधा चालतो, फक्त फिल्मच्या रंगाच्या जवळचा घ्या म्हणजे उद्या दगड लागून फिल्म फाटली तर खालून वेगळाच रंग डोकावणार नाही.

मग थांबायचं. ताज्या पेंटमधून थिनरची वाफ निघत राहते, त्यावर फिल्म लावली की ती वाफ खाली अडकून फुगे येतात, आन हे फुगे दाबून जात नाहीत. हवेत वाळवलेल्या पेंटला किमान तीन-चार आठवडे द्या, भट्टीत भाजलेला असेल तर पेंटरला विचारून कमी दिवसांत होतं. छत्रपती संभाजीनगरला वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, त्याच्या आजूबाजूला पेंट शॉपमध्ये आयुष्य घातलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. अशा एखाद्या ओळखीच्या काकांना गाडी दाखवा, पेंट पक्का झाला की नाही हे ते नख लावून सांगतील, यूट्यूबपेक्षा हा सल्ला भारी.

फिल्म घेताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, कास्ट म्हणजे ओतून बनवलेली घ्यायची, कॅलेंडर्ड नाही. कॅलेंडर्ड फिल्म लाटून ताणून बनवलेली असते म्हणून ती ऊन लागलं की मूळ आकारात जायला बघते, कडेला आखडते आन डिंकाची काळी रेघ दिसते. नंबर प्लेट आन स्टिकर करणाऱ्या रेडियमवाल्याकडं रोलमध्ये जे असतं ते बहुतेक हेच, ते सपाट बोर्डाला ठीक आहे, गाडीच्या गोलाईला नाही. थ्रीएमची २०८० सिरीज किंवा एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग ही नावं मागा. रोलची रुंदी १.५२ मीटर म्हणजे ५ फूट असते, त्यात बहुतेक गाड्यांचं बोनेट आन टप एका तुकड्यात बसतात, मापाच्या चारी बाजूंनी वीतभर जास्त कापा. दुरुस्त केलेल्या पॅनलवर सॅटिन (कमी चमकीची) किंवा मॅट (बिनचमकीची) घ्या, ग्लॉस काळा तर मुळीच नको, त्यात घासाईची प्रत्येक लाट दिसते.

दिवस कोणता निवडायचा हेबी महत्त्वाचं आहे. फिल्म २० ते २५ अंशाला सगळ्यात चांगली वागते. एप्रिल-मे मध्ये पत्रा एवढा तापतो की डिंक टेकल्या टेकल्या धरतो, उचलून परत लावायला गेलं की फिल्म रबरासारखी ताणते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने, थंडीत सकाळी पत्रा गार असतो तेव्हा जरा ऊन वर येऊ द्या. पण याच दिवसांत सोयाबीन-तुरीची मळणी चालू असते आन भुसा हवेत असतो, त्यामुळं काम बंद शेडमध्येच करा, जमिनीवर पाणी शिंपडा, पंखा बंद ठेवा. एक कण खाली राहिला तर तिथं फोडासारखा दिसतो आन तो मग कायमचाच.

गाडी आदल्या दिवशी धुवा, म्हणजे रबराखाली, लोगोच्या मागं लपलेलं पाणी वाळून जातं. शांपू वॅक्सवाला नको. वायपरचे नोझल, अँटेना, लोगो जे निघतं ते काढून ठेवा. लावायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० भाग आन आरओचं पाणी ३० भाग असं मिसळून एका फडक्यानं पुसा, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, फटी आन वळणाच्या आतली कड विसरू नका कारण फिल्म सुटते ती तिथूनच. पॉलिश मारलेलं असेल तर दोनदा पुसा.

लावायला दोन माणसं लागतात, एकट्यानं बोनेट करायला जाऊ नका. मागचा कागद काढून फिल्म दोघांनी चारी कोपऱ्यात धरून हलक्या ताणात पॅनलवर सोडायची, सुरकुती नसेल तेव्हाच मध्यावर टेकवायची. साबणाचं पाणी मारू नका, ते काचेच्या फिल्मचं काम आहे, या फिल्मच्या डिंकात हवा निघायला बारीक नाल्या असतात आन पाण्यानं त्यांचा उपयोग जातो. स्क्वीजीला, म्हणजे फिल्म दाबून बसवायच्या पट्टीला, फेल्ट (मऊ जाड कापड) लावलेलं हवं, मध्यापासून कडेकडं, प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा येईल असा, स्क्वीजी ४५ अंशात धरून. सुरकुती आली तर दाबू नका, तेवढा भाग उचला, हीट गन लांबून फिरवा, फिल्म आपोआप सपाट होते, मग परत टेकवा. हवेचा फुगा राहिलाच तर सुईनं टोचून दाबा, ब्लेडनं चिरू नका.

कोपऱ्यात फिल्म गरम करून पसरायची, एकाच दिशेनं खेचायची नाही. रंग फिका पडायला लागला म्हणजे जास्त ताणली, तिथं ती पुढं जाऊन आखडणार, सोडून द्या आन परत गरम करून आधीच्या आकारात येऊ द्या. कडेला निदान ५-६ मिलिमीटर फिल्म आत वळवा. कापताना ब्लेड पेंटवर चालवू नका, विशेषतः नव्या पेंटवर, चिरेतून ओल जाते आन जिथून सगळं सुरू झालं तेच परत सुरू होतं. नाइफलेस टेप मिळते, ती आधी लावायची आन वरून फिल्म बसली की तिच्यातला दोरा ओढायचा, फिल्म कापली जाते आन पेंटला काही होत नाही.

शेवटी सगळ्या कडा आन खोबणी ९० ते ११० अंशापर्यंत गरम करायच्या, यानं फिल्म आपला मूळ आकार विसरते आन आहे तशी बसून राहते. हे अंदाजानं करू नका, लेसरवाला थर्मामीटर आणा, कोरोनात कपाळाला धरायचे तो चालत नाही, तो एवढं तापमान मोजतच नाही. गन एका जागी धरून ठेवू नका, खाली लांबी भरलेली असेल तिथं तर अजून जपून. फिल्म घट्ट धरावी म्हणून कडेला लावायचा प्राइमर ९४ नावाचा एक पदार्थ मिळतो, रिपेंट केलेल्या पॅनलवर तो टाळा, काढायच्या वेळी पेंट घेऊन निघतो.

आठवडाभर धुवू नका. नंतरबी प्रेशर वॉशरचा फवारा कडेवर सरळ धरू नका, लांबून मारा. पाखरांची घाण त्याच दिवशी ओल्या फडक्यानं काढा. आन टप-बोनेटवरची फिल्म दरवाज्याच्या फिल्मपेक्षा आधी जाणार हे धरून चाला, कंपन्या आडव्या भागाला वॉरंटीच कमी देतात. सावलीत गाडी लावायची सोय करा, साधं पत्र्याचं शेड असलं तरी लय फरक पडतो.

कागदाचंबी बघा. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो आन मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नं आरसीवरच्या माहितीशी गाडी जुळली पाहिजे. नुसता टप काळा केला तर गोष्ट वेगळी, पण पूर्ण रंग बदलणार असाल तर एमएच २० असो की एमएच २६, आपल्या आरटीओत आधी विचारून नोंद करून घ्या आन विमा कंपनीलाबी कळवा. लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग घेऊ नका, तो सैन्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

फिल्म काढायची वेळ येईल तेव्हा गन लावून पॅनल ६०-७० अंश करा, कड सोडवा आन फिल्म पॅनलला जवळजवळ लागून, मागं दुमडून, सावकाश ओढा. कंपनीचा पेंट असेल तिथं ती स्वच्छ निघते. दुरुस्त केलेल्या भागावर आलात की वेग अजून कमी करा, आन पेंट उचलतोय असं वाटलं की तिथंच थांबून परत गरम करा.