मसल कार रिस्टोअर करायला घेताय? आधी या चुका टाळा

इथे मिशिगनमध्ये मार्चअखेर बर्फ वितळायला लागला की ऑनलाइन जाहिराती सुरू होतात, "१९७० शेवरोले शेव्हेल, प्रोजेक्ट कार, नव्वद टक्के काम झालंय, वेळ मिळत नाही म्हणून विकतोय". फोटोत काय असतं, तर दारं काढलेली बॉडी, वर करडा प्रायमर, आणि मागे भिंतीला लावून पंधरा-वीस खोकी. उरलेले दहा टक्के म्हणजे ती खोकी. मी पण अशी जाहिरात एकदा टाइप करून ठेवली होती, पोस्ट नाही केली एवढंच. माझी १९६९ची शेवरोले कॅमॅरो दोन वर्षांत रस्त्यावर आणायची असं ठरलेलं आणि लागली साडेपाच, त्यामुळे खालच्या बऱ्याचशा चुका स्वतःच्या खिशातून केलेल्या आहेत.

(कॅमॅरो आणि मस्टँग या मसल कार नाहीतच, पोनी कार म्हणजे लहान, स्पोर्टी गाड्या आहेत, मसल कार म्हणजे १९६४च्या पॉन्टियॅक जीटीओसारखी मधल्या साइजच्या बॉडीत मोठं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन कोंबलेली गाडी, असं म्हणणारे लोक भेटतील. बरोबर आहे त्यांचं. पण गंज दोघींना सारखाच लागतो.)

बिल्ल्यावर विश्वास ठेवणं

मला विकणाऱ्याने सांगितलं ही एसएस आहे, म्हणजे सुपर स्पोर्ट, जोरदार इंजिनाचं महागडं पॅकेज, ग्रिलवर एसएस, फेंडरवर एसएस, स्टीअरिंगवर पण एसएस. मी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, बघितला, १२४ ने सुरू होत होता, म्हटलं झालं काम. आता ६९च्या कॅमॅरोचा नंबर काय सांगतो तर १ म्हणजे शेवरोले, २३ असेल तर सहा सिलिंडर आणि २४ असेल तर व्ही-एट, मग ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९, आणि एन म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना किंवा एल म्हणजे लॉस एंजेलिसचा. संपलं. एसएस आहे की नाही हे त्यात कुठेच नसतं. व्ही-एट म्हणजे २०० हॉर्सपॉवरचं ३०७ क्यूबिक इंचाचं पण व्ही-एटच आणि ३७५ हॉर्सपॉवरचं ३९६ पण व्ही-एटच.

गाडी घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी जॅकवर चढवून मी टॉर्च घेऊन खाली झोपलो. मागच्या अॅक्सलच्या कव्हरवर चिखल आणि ग्रीसचा बोटभर थर, तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडून बोल्ट मोजले, दहा. परत मोजले, दहाच. ६९च्या एसएसला बारा बोल्टवालं अॅक्सल असतं. मग बाजूला बघितलं तर मागची लीफ स्प्रिंग एकाच पानाची, एसएसला अनेक पानांची असते. पेट्रोलची नळी पण बारीक, पाच-सोळांश इंचाची, जिथे तीन-अष्टमांश हवी. म्हणजे दहा मिनिटांत कळणारी गोष्ट, आणि मी ती पैसे दिल्यावर बघितली. ६९ साली कॅमॅरो बनल्या २,४३,०८५, त्यातल्या एसएस ३४,९३२, बाकी हिशोब तुम्हीच करा की रस्त्यावर दिसणाऱ्या इतक्या एसएस आल्या कुठून.

सगळ्यांचं असंच असतं असं नाही. १९६६ ते ७१ची जीटीओ असेल तर नंबर २४२ ने सुरू होतो, आणि पॉन्टियॅकची बिलिंगची मूळ कागदपत्रं पीएचएसकडून (पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) मागवता येतात. फोर्ड १९६७ किंवा नंतरची असेल तर मार्टी रिपोर्ट काढा, फोर्डच्याच रेकॉर्डवरून गाडी कुठल्या रंगात आणि कुठल्या इंजिनाने बाहेर पडली ते येतं. डॉज-प्लिमथमध्ये नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, १९७०-७१ला आर म्हणजे ४२६ हेमी, शिवाय सीटच्या स्प्रिंगमध्ये ब्रॉडकास्ट शीट, म्हणजे त्या गाडीत काय काय बसवायचं याचा कारखान्यातला कागद, अडकलेलं सापडतं कधी कधी, म्हणून जुनी सीट फाडून कचऱ्यात टाकायच्या आधी आतून नीट चाचपा. शेवरोलेवाल्यांचं नशीब मात्र खराब, १९७०च्या शेव्हेलला पण एसएस हे ऑप्शन असल्यामुळे व्हीआयएन गप्पच.

एवढं सगळं कशाला, तर गाडी काय आहे यावर तिच्यावर किती पैसे घालायचे ते ठरतं. ३०७वाल्या साध्या कॅमॅरोवर फॅक्टरीसारखं नट-बोल्टपर्यंत ओरिजिनल काम करून ते पैसे परत येत नाहीत, तिला चालवायची गाडी म्हणूनच बनवावी, वाटलं तर नवीन एलएस इंजिन (जनरल मोटर्सचं आधुनिक व्ही-एट) टाकावं, कोणी रडत नाही. उलट खरंच ओरिजिनल इंजिनवाली गाडी हातात असेल आणि तुम्ही उत्साहात ते इंजिन विकून टाकलंत तर नंतर कपाळाला हात लावायची वेळ येते. बरेच जण अर्धं काम ओरिजिनल आणि अर्धं मॉडर्न असं करत बसतात आणि मग ना इकडचे ना तिकडचे.

मशीन शॉपला न सांगणं

छोटी गोष्ट आहे पण यात नुकसान भरून येत नाही. शेवरोलेच्या व्ही-एटला पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते, इंजिन कुठल्या तारखेला जोडलं, कुठल्या गाडीसाठी, आणि व्हीआयएनचे शेवटचे आकडे त्यावर ठोकलेले असतात. शॉपमध्ये ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सपाट करायला घेतला, म्हणजे डेकिंग, की ही पट्टी पण त्याच पातळीत असल्यामुळे आकडे साफ उडून जातात. पट्टीला हात लावायचा नाही असं ऑर्डरवर लिहून द्या आणि आधी फोटो काढून ठेवा. आणि ते आकडे परत ठोकून घेऊ असा सल्ला कोणी दिला तर तिथून निघा.

गंज वरवर बघणं

डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांपेक्षा खोल मिठाची खाण आहे, गंमत बघा, वर गाड्या बनवायच्या आणि थंडीत रस्त्यावर मीठ टाकून त्याच गाड्या खायच्या. त्यामुळे आमच्याकडची गाडी बघताना रंग बघूच नका. पातळ, मऊ लोहचुंबक घ्या, रुमालात गुंडाळा आणि चाकांच्या वरच्या कडा, दाराखालचा रॉकर पॅनल, मागचे क्वार्टर (मागच्या चाकांवरचा बॉडीचा पत्रा) सगळीकडे फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

कॅमॅरोला मागच्या काचेचे खालचे कोपरे बघा, स्टीलच्या पट्टीखाली पाणी साचतं आणि तिथून डिकीत उतरतं, डिकीचा तळ सडलेला असेल तर मूळ दुखणं वर काचेपाशी असतं. मस्टँगला काचेपुढचा काउल, म्हणजे पुढच्या काचेखालची हवेच्या जाळीची पट्टी, तिथे बादलीभर पाणी ओता आणि आत पायाशी बघा, कार्पेट ओलं झालं तर डॅशबोर्डपासून सगळं उघडावं लागणार. छतावर व्हिनाइल असेल तर खाली पत्रा कसा असेल हे देवालाच माहीत, मी तर सडलेलाच धरून हिशोब करतो.

आणि फ्लोअर बदलायचा असेल तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवेतिडवे वेल्ड करून घ्या. मस्टँगला वेगळी चॅसी नसते, कॅमॅरोला फक्त पुढे सबफ्रेम, म्हणजे फ्लोअर आणि रॉकर दोन्ही कापले की गाडी मधून वाकते आणि मग नवीन फ्लोअर बसतो व्यवस्थित पण दार लागत नाही. कन्व्हर्टिबलला तर छप्परच नाही, तिथे हे न करणं म्हणजे आत्महत्याच.

एका वीकेंडला सगळं खोलून टाकणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक. खोलायला मजा येते ना, दर तासाला काहीतरी निघतं, दोन मित्र आले, पिझ्झा मागवला, रविवारी रात्रीपर्यंत गाडीचा सांगाडा. पिशव्यांवर काय लिहिलं? "बोल्ट". दुसऱ्या पिशवीवर "बोल्ट २". फोनमध्ये चौदाशे फोटो होते आणि त्यातले निम्मे माझ्या बोटाचे.

शिम हा प्रकार आधी समजून घ्या. फेंडर, हूड, दारं फॅक्टरीत पातळ चकत्या घालून एका रेषेत आणलेली असतात, पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या कंट्रोल आर्मला पण असतात. कुठल्या बोल्टला किती चकत्या निघाल्या ते त्याच वेळी लिहा आणि टेपने त्याच बोल्टला गुंडाळून ठेवा. मी सगळ्या एका डब्यात टाकल्या, आणि नंतर हूड आणि फेंडरमधली फट सारखी करायला दोन आठवडे संध्याकाळी नुसता सोंगट्या खेळत बसलो.

खोललेली गाडी जागा किती खाते हेही आधी कळत नाही, दोन गाड्यांचं गॅरेज पूर्ण भरलं आणि बायकोची गाडी बाहेर गेली, मग जानेवारीत उणे पंधराला सकाळी साडेसहाला काचेवरचा बर्फ खरवडणारी व्यक्ती तुमच्या छंदाबद्दल काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून गाडी चालू असेल तर आधी थोडी चालवा, आवाज कुठून येतो, ब्रेक कुठे ओढतात, काय गळतं ते वहीत लिहा, आणि मग एक भाग खोलून, पूर्ण करून, लावून पुढच्याला हात घाला.

पत्रा आणि रंगाचा क्रम चुकवणं

एका शॉपने माझ्या गाडीचं छत आणि हूड सरळ वाळूने ब्लास्ट केलं. परत आलं तेव्हा उन्हात तिरकं बघितलं तर छत तळलेल्या पापडासारखं. मोठा सपाट पत्रा जोराच्या वाळूने ताणला जातो आणि मग सरळ होत नाही, अशा पॅनलचा रंग केमिकलने किंवा सँडरने काढायचा, वाळू फ्रेमसारख्या जाड लोखंडाला. चूक त्यांची तेवढीच माझी, मी विचारलंच नव्हतं कशाने करणार. ब्लास्ट झाल्यावर उघडा पत्रा तसाच ठेवू नका, दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो, लगेच इपॉक्सी प्रायमर.

रंगाच्या आधी सगळी गाडी एकदा पूर्ण जोडून बघायची, दाराला नवीन रबर लावून. हे रबर लावून बघणं कोणी करत नाही, आणि नवीन रबर जाड असल्यामुळे रंगानंतर दार अर्धा सेंटीमीटर बाहेर राहतं, मग ॲडजस्ट करताना कडेचा रंग उडतो. बाजारात मिळणारे नवे फेंडर, बंपर पण आहे तसे बसत नाहीत, थोडं कापणं-वाकवणं लागतंच, त्यामुळे जुना ओरिजिनल फेंडर दुरुस्त होण्यासारखा असेल तर मी तोच ठेवतो.

पार्ट सगळे एकदम मागवू नका. मी सेलमध्ये कार्पेट, सीट कव्हर, कार्ब्युरेटर सगळं पहिल्या वर्षी घेतलं, चार वर्षांनी खोकं उघडलं तर कार्ब्युरेटर चुकीचा आणि परत करायची मुदत कधीच संपलेली. पहिले पैसे ब्रेक, वायरिंग आणि पेट्रोलच्या नळ्यांना. १९६६पर्यंतच्या मस्टँगला मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असतो, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले, दोन कप्प्यांचा बसवून घ्या. जुन्या रबरी नळ्या आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने मऊ पडतात. आणि विमा ॲग्रीड व्हॅल्यूचा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला, घ्या, काम चालू असतानाच.

पहिल्यांदा स्टार्ट करताना घाई

फ्लॅट टॅपेट कॅम (जुन्या पद्धतीचा, सपाट तळाच्या टॅपेटवर घासत फिरणारा कॅमशाफ्ट) नवीन टाकला असेल तर पहिली वीस मिनिटं सगळं ठरवतात. आधी डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, वर व्हॉल्व्हच्या रॉकर आर्मपर्यंत ऑइल आलेलं डोळ्यांनी बघा. टायमिंग अंदाजे लावून ठेवा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरा, म्हणजे स्टार्टर घरघर करत बसावं लागणार नाही. झिंक जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइल वापरा, साध्या आधुनिक ऑइलमध्ये झिंक कमी असतं. इंजिन लागलं की लगेच दोन हजार ते अडीच हजार आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच थोडं खालीवर ठेवा, आयडलवर सोडू नका, शेजारी टाळ्या वाजवायला आले तरी नाही. पाणी गळायला लागलं किंवा ऑइल प्रेशर पडलं तर बंद करा, दुरुस्त करा, परत थेट दोन हजारवर. मग ऑइल गरम असतानाच काढा, फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरून बघा, धातूची चमचम दिसली तर कॅम गेला, आणि तो तेव्हाच काढलात तर बेअरिंग तरी वाचतील.