शहरातून तेजोमेघ पाहताना फिल्टर का फसतो? या चुका टाळा

दुर्बीण घेतली की लवकरच तेजोमेघांसाठीचा (अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांसाठीचा) फिल्टरही घरी येतो आणि पहिल्याच रात्री तक्रार सुरू होते: "काहीच दिसत नाही, उलट सगळं काळं झालं." फिल्टर सहसा बिघडलेला नसतो. त्याच्याकडून अपेक्षाच भलती असते.

फिल्टरने तेजोमेघ उजळ होत नाही. उलट त्याचाही थोडा प्रकाश फिल्टरमध्ये अडतो, पण आकाशाचा उजेड त्याहून कितीतरी जास्त अडतो. म्हणून अंधुक डाग पार्श्वभूमीवर उठून दिसतो. हे जमतं कारण तेजोमेघातला तापलेला वायू मोजक्याच तरंगलांबींना चमकतो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी १८६४ साली कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ या तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा सलग रंगपट्ट्याऐवजी त्यांना हिरवट रेषा दिसल्या. पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी त्या जुळेनात, म्हणून 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्य कल्पून झालं. शेवटी १९२७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवलं की ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत. ओ-थ्री नावाचा फिल्टर नेमक्या याच दोन रेषा आरपार जाऊ देतो. यूएचसी नावाचा फिल्टर त्यांच्या जोडीला ४८६.१ नॅनोमीटरची हायड्रोजन-बीटा रेषाही जाऊ देतो. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तल्लख असतो, हे आपलं नशीबच.

लक्ष्यच चुकीचं

देवयानी दीर्घिका, एम १३ (एम म्हणजे मेसिए यादीतला क्रमांक) सारखा तारकागुच्छ, कृत्तिकेभोवतीचं धुकं यांच्यावर फिल्टर लावून काही हाती लागत नाही. दीर्घिका आणि गुच्छ म्हणजे शेवटी तारेच, आणि तारे सगळ्या रंगांत प्रकाशतात. आकाशाबरोबर तेही तेवढेच मंदावतात. कृत्तिकेभोवतीचं धुकं किंवा मृगातला एम ७८ हे ताऱ्यांचा प्रकाश नुसता परावर्तित करतात, त्यामुळे त्यांचीही तीच गत. धनू राशीतला एम २० या बाबतीत छान परीक्षा घेतो. फिल्टर लावला की त्याचा दक्षिणेकडचा, काळ्या रेघांनी तुकडे पडलेला भाग उठावदार होतो आणि उत्तरेकडचा निळा परावर्तनाचा भाग मावळतो.

शहरातून खरा मोबदला देणारी मंडळी वेगळी. एम १७ हे त्यातलं पहिलं नाव: फिल्टरशिवाय धूसर रेघ, यूएचसी लावल्यावर त्या रेघेला हंसाची मान फुटते. एम ८, एम २७ आणि मृगातला एम ४२ ही पुढची नावं. एम ४२ फिल्टरविनाही दिसतो, पण त्याचे पंख कुठवर पसरलेत ते यूएचसी दाखवतो. रोझेट तेजोमेघाच्या मधला तारकागुच्छ शहरातून सहज सापडतो, भोवतीचं कडं मात्र फिल्टरशिवाय जवळजवळ अशक्य.

नाव बघून स्वस्तातला फिल्टर घेणं

'लाइट पोल्युशन', 'स्कायग्लो' अशा नावांनी विकले जाणारे रुंद पट्ट्याचे फिल्टर सोडियम आणि पाऱ्याच्या दिव्यांच्या काळातले. सोडियमचा पिवळा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला, पाऱ्याचा ४३६ आणि ५४६ ला. तेवढंच अडवलं की काम व्हायचं. २०१५ पासून सरकारी योजनेतून देशभर पथदिवे एलईडीचे होत गेले. पांढऱ्या एलईडीचा उजेड ४५० च्या निळ्या शिखरापासून लालपर्यंत सलग पसरलेला असतो. असा उजेड वेचून अडवणं रुंद फिल्टरच्या कुवतीबाहेरचं आहे. माझं मत विचाराल तर शहरात हे पैसे वाया. पट्टा जितका अरुंद, तितका एलईडीपुढे टिकाव. यूएचसीचा पट्टा साधारण २५ नॅनोमीटरचा, ओ-थ्रीचा साधारण दहा-बाराचा. पहिला फिल्टर यूएचसी घ्यावा, दुसरा ओ-थ्री. हायड्रोजन-बीटा फिल्टर 'घोड्याचं डोकं' आणि 'कॅलिफोर्निया' अशा मोजक्या तेजोमेघांसाठी असतो आणि तीही गडद आकाशात. शहरातल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी गफलत फोटोवाल्यांचा सल्ला ऐकून होते. हायड्रोजन-अल्फाचा फिल्टर कॅमेऱ्यासाठी अमृत, पण त्याची ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा अंधारात आपल्या डोळ्याला जवळपास दिसतच नाही. आयपीसमध्ये, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याजवळच्या भिंगात, डोकावलं की नुसता काळोख. खरेदीपूर्वी विक्रेत्याला 'डोळ्याने पाहण्यासाठी' हे शब्द स्पष्ट सांगा.

वर्धन जास्त ठेवणं

सर्वाधिक फिल्टर इथे बदनाम होतात. आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी किती, यावर सगळं अवलंबून असतं. वर्धन, म्हणजे चित्र किती पटीने मोठं दिसतं ते, वाढलं की हा झोत बारीक होतो. हिशोब सोपा आहे: आयपीसच्या नाभीय अंतराला दुर्बिणीच्या एफ-अंकाने (दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले तिचा व्यास) भागा. आठ इंची, एफ/६ डॉब्सोनियन दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला तर झोत ४.२ मिमी, १० मिमीचा लावला तर १.७ मिमी. यूएचसी आणि ओ-थ्रीला साधारण ३ ते ५ मिमीचा झोत मानवतो. १० मिमीच्या आयपीसवर ओ-थ्री लावून रोझेट शोधणारा माणूस अंधारात अंधारच शोधत असतो.

'ओ-थ्री फक्त मोठ्या दुर्बिणींना चालतो' हा समजही इथूनच निघाला. १३० मिमी, एफ/५ ची छोटी न्यूटोनियन दुर्बीण २५ मिमीच्या आयपीसने ५ मिमीचा झोत देते, म्हणजे ओ-थ्रीला तिची काहीच हरकत नाही. अडचण येते ती ९० मिमीच्या माक्सुटोव्ह दुर्बिणीला. तिचा एफ-अंक १३.९, त्यामुळे तोच आयपीस जेमतेम १.८ मिमी देतो. तिथे ४० मिमीचा प्लॉसल आयपीस घ्या, झोत २.९ पर्यंत जाईल, आणि यूएचसीवरच थांबा.

याला अपवाद लहान ग्रहीय तेजोमेघांचा, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यांनी टाकलेल्या वायूच्या कवचांचा. मिथुनेतला एनजीसी २३९२, वासुकीतला एनजीसी ३२४२, स्वरमंडळातला एम ५७ यांचा पृष्ठभाग इतका तेजस्वी असतो की वर्धन वाढवलं तरी ते फिल्टरमधून टिकतात. कमी वर्धनाला मात्र यातले पहिले दोन नुसत्या ताऱ्यासारखे दिसतात आणि ओळखू येत नाहीत. तेव्हा फिल्टर आयपीसला बसवूच नका. चिमटीत कडेने धरून डोळा आणि आयपीसच्या मध्ये सरकवा, काढा, पुन्हा सरकवा. आजूबाजूचे सगळे तारे दर वेळी मान टाकतील, एक ठिपका टाकणार नाही. तोच तुमचा तेजोमेघ.

डोळा सरावलेलाच नाही

फिल्टर दूरच्या दिव्यांचा आकाशातला उजेड कापतो. सोसायटीच्या गेटवरचा हॅलोजन थेट डोळ्यात जात असेल तर त्याला फिल्टर काय करणार? त्यातून हे फिल्टर आरशासारखे चकचकीत असतात. खांद्यावरून येणारा उजेड आयपीसमध्ये शिरतो, फिल्टरवर आपटतो आणि परत तुमच्याच डोळ्यात येतो. काळं जाड कापड डोक्यावरून आयपीसपर्यंत ओढून घ्या. शेजारची गच्ची हसेल, हसू दे. कापडाखाली पंधरा-वीस मिनिटं तरी काढा, मोबाइल खिशात ठेवा, मग तिरक्या नजरेने बघा. एवढ्याने पडणारा फरक कित्येकदा फिल्टर बदलण्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो.

वेळ आणि जागा

आपल्याकडे एक जास्तीची पंचाईत आहे. धनू राशीतले सगळे उत्तम तेजोमेघ मध्यरात्री सर्वांत उंच येतात ते जून-जुलैत, म्हणजे ऐन पावसात. म्हणून मार्च ते मे पहाटे उठावं, किंवा ऑक्टोबरात संध्याकाळ होताच नैर्ऋत्येकडे वळावं. पावसाने धुतलेली ऑक्टोबरची हवा फिल्टरला सर्वांत अनुकूल असते. त्याच संध्याकाळी हंस तारकासमूहातला 'व्हेल' (Veil) तेजोमेघ जवळजवळ डोक्यावर असतो, आणि ओ-थ्रीची खरी कमाल तिथे कळते. दक्षिणेतला प्रसिद्ध एटा कॅरिनाचा तेजोमेघ पुण्यातून जास्तीत जास्त १२ अंश वर चढतो. तिथे शहराच्या क्षितिजावरच्या उजेडातून कोणताही फिल्टर त्याला सोडवू शकत नाही.

फिल्टर घेतला म्हणजे गावाबाहेर जायची गरज संपली, हाही गैरसमजच. तोच फिल्टर गडद आकाशाखाली दुप्पट गुणी वाटतो. २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळालेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला जाणं झालं तर तो घरी विसरू नका.

किरकोळ बिघाड, पटकन इलाज

तारे फुगीर दिसतायत? काचेमुळे फोकस थोडा सरकतो. ठळक तारा पकडून पुन्हा जुळवा. तारे हिरवट किंवा लालसर दिसणं हा दोष नाही. फिल्टर बसतच नसेल तर जोर करू नका, काही कंपन्यांचे आटे जरा वेगळे असतात. वारंवार आयपीस बदलत असाल तर फिल्टर डायगोनलच्या (आयपीसआधी प्रकाश वळवणाऱ्या आरशाच्या) पुढच्या तोंडाला लावा, दर वेळी अंधारात फिरवत बसावं लागणार नाही. सूर्याकडे मात्र हे फिल्टर लावून कधीही पाहू नये. ते सूर्यासाठी नाहीत, डोळा कायमचा जाईल.

आपल्या हवेत काचेवर बुरशी धरते, विशेषतः पावसाळ्यात डबी कपाटात पडून राहिली तर. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. धूळ रबरी फुंकणीने उडवा. शर्टाच्या टोकाने पुसलंत तर वरचा पातळ थर ओरखडेल.