ऑफिसचं वायफाय नीट कसं बसवायचं आणि अडकलं तर आधी कुठे बघायचं

वायफाय चालत नाही अशी ओरड झाली की बहुतेक ठिकाणी पहिलं काम एकच, राउटर बंद करून चालू करायचा. पाच मिनिटं बरं चाललं की सुटलो म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तीच ओरड. घरी हे खपून जातं हो, पण जिथे तीस चाळीस माणसं दिवसभर व्हिडिओ कॉल आणि बिलिंग त्याच वायफायवर करतात तिथे नाही खपत. मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच गोष्ट सांगतो, की वायफाय म्हणजे हवा आणि हवा सगळ्यांची मिळून एकच. एका चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एका पट्ट्यावर, एक डिव्हाइस बोलत असेल तर बाकीच्यांनी गप्प बसायचं, आपला नंबर आला की बोलायचं. वायफाय ६ या नव्या पिढीपासून एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे हवेत वायफाय सोडणारी पेटी) एकाच वेळी काही डिव्हाइसना थोडी थोडी जागा वाटून देऊ शकतो हे खरं, पण वाटायला हवा तेवढीच असते. हे डोक्यात बसलं की एपी कुठे लावायचा, पॉवर किती ठेवायची, नावं किती काढायची हे सगळं त्यातूनच सुचत जातं.

तर आधी मोजणी करा, आणि माणसं नाही, डिव्हाइस मोजा. एका माणसाचा लॅपटॉप, मोबाईल, कधी टॅबलेट, वर प्रिंटर, कॅमेरे, मीटिंग रूमचा टीव्ही. चाळीस माणसांच्या ऑफिसात शंभर डिव्हाइस सहज होतात. मग जागा फिरून बघा, नकाशावर नाही तर पायांनी. काँक्रीटची भिंत, लिफ्ट, लोखंडी कपाटांची रांग, मालाने भरलेले रॅक, फिल्म लावलेली काच, हे सगळं रेंज खातं. रिकाम्या गोदामात घेतलेलं माप माल भरल्यावर उपयोगाचं राहत नाही हे मी स्वतः एकदा भोगलंय, सगळे एपी परत हलवायला लागले होते.

माप घेताना दांड्या बघू नका, आकडा बघा. मोबाईलमध्ये वायफाय अ‍ॅनालायझर टाकला की उणे डीबीएममध्ये (रेंजच्या ताकदीचं एकक) आकडा दिसतो. आकडा उणे असतो म्हणून -५० हे -७० पेक्षा चांगलं. कॉल आणि व्हिडिओ नीट चालायचा तर जिथे माणसं बसतात तिथे -६७ किंवा त्याहून बरं पाहिजे. ३ डीबी कमी झालं म्हणजे ताकद निम्मी, १० कमी झालं म्हणजे एक दशांश, त्यामुळे पाच सात आकड्यांनी काय होतंय असं म्हणू नका. आणि नुसती रेंज बघून भागत नाही, मागची गडबड किती आहे तेही बघायचं, रेंज आणि गडबड यांच्यात २५ डीबीचं अंतर असलं की काम छान चालतं.

एपी लावायची जागा. लोकांना कॉरिडॉर आवडतो कारण वायर ओढायला सोपं जातं, पण कॉरिडॉरमध्ये रांगेने लावलेले एपी एकमेकांना लांबपर्यंत स्वच्छ ऐकतात आणि दाराआडच्या माणसाला मात्र रेंज कमी मिळते, म्हणजे नेमकं उलटं. जिथे लोक बसतात त्या खोलीतच, छताला लावा. सीलिंगचा एपी भिंतीवर फोटोसारखा टांगू नका, त्याचा अँटेना छतावरून खाली आणि आजूबाजूला पसरवायला बनवलेला असतो. फॉल्स सीलिंगच्या वर डक्टच्या शेजारी लपवणं तर अजिबात नको, दिसायला छान दिसतं पण आत सगळा धातू असतो.

प्रत्येक एपीला वायर ओढा. मेश म्हणून विकतात तो प्रकार वायर नसताना चालतो, पण बऱ्याच मेशमध्ये एपी ज्या रेडिओवर तुमच्याशी बोलतो त्याच रेडिओवर पुढच्या एपीशीही बोलतो, म्हणजे तीच हवा दोनदा खर्च आणि स्पीड जवळजवळ निम्मा. वायर शक्यच नसेल तिथेच मेश वापरा. केबल कॅट ६ घ्या, स्विचपासून (सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती पेटी) एपीपर्यंत १०० मीटरच्या आत ठेवा. करंट त्याच केबलमधून जाणार म्हणजे पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) स्विच लागणार आणि इथे खूप लोक फसतात. जुना पीओई पोर्टवर १५.४ वॅट देतो, पीओई प्लस ३० वॅट. पण पोर्टची ताकद वेगळी आणि पूर्ण स्विचचं बजेट वेगळं. समजा स्विचचं बजेट ६० वॅट आणि एपी प्रत्येकी २० वॅट खाणारे, तर पोर्ट आठ असले तरी एपी तीनच चालणार. करंट कमी पडला की काही एपी चालू दिसतात, दिवा पण लागतो, पण आतला एखादा रेडिओ बंद ठेवतात किंवा पॉवर उतरवतात, आणि आपण चॅनल बदलत बसतो.

आता चॅनल. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११, बाकी विसरा. शेजारी सगळे १ आणि ६ वर आहेत म्हणून कोणी ३ किंवा ४ निवडतं, वाटतं रिकामं आहे, पण चॅनल फक्त ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर असतात आणि एकेकाची रुंदी साधारण २०, म्हणजे ३ वर बसलात की १ आणि ६ दोघांचाही त्रास तुम्हाला आणि तुमचा दोघांना. एकाच चॅनलवर असाल तर निदान एकमेकांचं ऐकून नंबर लावता येतो, अर्धवट वर चढलेल्या चॅनलवर समोरचा नुसता आवाज वाटतो. २.४ वर ४० ची रुंदी कधीच ठेवू नका. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर असते, तिथे ऑफिसात २० किंवा ४० रुंदी ठेवा. ८० किंवा १६० ठेवली की एका मोबाईलवर स्पीड टेस्ट भारी येते, पण दहा एपी झाले की चॅनल पुरत नाहीत आणि तुमचेच एपी एकमेकांच्या नंबरात उभे राहतात. ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. एपीने आधी निदान ६० सेकंद ऐकायचं आणि मध्येच रडार सापडलं तर लगेच चॅनल सोडायचा असा नियम आहे, म्हणून विमानतळ किंवा बंदराजवळ हे चॅनल टाळलेले बरे, नाहीतर दिवसातून दोन तीनदा सगळे एकदम तुटतात आणि कारण सापडत नाही. कुठले चॅनल आणि किती पॉवर चालते हे देशानुसार बदलतं, तेव्हा कंट्रोलरमध्ये (सगळे एपी एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर) देश बरोबर निवडा.

पॉवरचं सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. रेंज कमी वाटली की पॉवर फुल करायची हा मोह होतोच. पण बोलणं दोन बाजूंनी असतं, एपी ओरडून बोलला तरी मोबाईलचा आवाज लहानच आहे, तो एपीपर्यंत पोचायला हवा ना. मग होतं काय, मोबाईलवर दांड्या फुल आणि नेट अडकलेलं. शिवाय एका एपीवरून दुसऱ्यावर कधी जायचं हे एपी नाही ठरवत, मोबाईल आणि लॅपटॉप ठरवतात, आणि लांबचा एपी जोरात ऐकू येत असेल तर ते त्यालाच चिकटून बसतात, डोक्यावर दुसरा एपी असला तरी. म्हणून पॉवर मध्यम किंवा कमी ठेवा आणि २.४ ची पॉवर ५ पेक्षा साधारण ६ डीबी कमी ठेवा म्हणजे डिव्हाइस आपोआप ५ कडे वळतात. १, २, ५.५, ११ एमबीपीएस हे जुने रेट बंद करा, एखादा जुना स्कॅनर त्यांच्यावरच चालत नाही ना एवढं आधी तपासून. एक डिव्हाइस १ एमबीपीएसने बोलायला लागलं की तेवढा वेळ बाकी सगळे ताटकळतात, चुकी त्याची आणि स्लो सगळ्यांचं.

वायफायची नावं तीन, फार तर चार. प्रत्येक नावासाठी प्रत्येक एपी सेकंदाला जवळजवळ १० वेळा मी इथे आहे असं सांगत असतो आणि तेही सगळ्यात हळू रेटवर. प्रत्येक डिपार्टमेंटला वेगळं नाव दिलं की हवा नुसत्या हजेरीतच संपते. स्टाफ, गेस्ट आणि प्रिंटर कॅमेरे असल्या मशिनांसाठी एक, एवढं पुरतं. तिन्ही वेगळ्या व्हीएलॅनवर (त्याच वायरींवर आखलेली वेगळी नेटवर्क) टाका, गेस्टमध्ये एकमेकांचे डिव्हाइस दिसू नयेत म्हणून क्लायंट आयसोलेशन चालू करा आणि गेस्टमधून आतल्या पत्त्यांकडे जाणारी वाट फायरवॉलवर बंद करा. फक्त वेगळा पासवर्ड म्हणजे वेगळं नेटवर्क नाही, हे परत परत सांगावं लागतं.

स्टाफसाठी जमत असेल तर सगळ्यांना एकच पासवर्ड देऊ नका, रेडियस (लॉगिन तपासणारा सर्व्हर) लावून प्रत्येकाला आपापलं लॉगिन द्या. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं एकट्याचं लॉगिन बंद होतं, नाहीतर प्रत्येक वेळी सगळ्यांचा पासवर्ड बदलायचा आणि तो कोणीच बदलत नाही. डब्ल्यूपीए ३ हे वायफायचं नवं कुलूप २०१८ साली आलं, सगळी डिव्हाइस नवी असतील तर तेच ठेवा, नाहीतर डब्ल्यूपीए २, एईएस या एन्क्रिप्शनसह. डब्ल्यूपीएस बटण (पासवर्ड न टाकता जोडून देणारं) बंदच. २०१७ साली क्रॅक नावाची खोट डब्ल्यूपीए २ मध्ये सापडली होती आणि ती अपडेटनेच बुजली, म्हणून वर्षानुवर्षं अपडेट न केलेला एपी म्हणजे नुसता जुना नव्हे, उघडा.

आयपी पत्त्यांचा हिशोब पण करून ठेवा. /२४ चं नेटवर्क म्हणजे २५४ पत्ते, त्यातले काही राउटर प्रिंटरला गेले. गेस्टमध्ये रोज नवी माणसं येत असतील आणि लीज, म्हणजे पत्ता एका डिव्हाइसच्या नावावर राहायची मुदत, आठ दिवसांची असेल तर गेलेल्या माणसाचा पत्ता आठ दिवस अडकून राहतो आणि एक दिवस नव्या माणसाला पत्ताच मिळत नाही. गेस्टची लीज एक दोन तास ठेवा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाईल प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक (डिव्हाइसचा ओळख क्रमांक) दाखवतात, तेव्हा मॅकची यादी करून आत सोडायची जुनी पद्धत आता सोडून द्या.

एवढं करूनही अडकणारच कधीतरी. तेव्हा सेटिंगला हात लावायच्या आधी विचारा, एकालाच होतंय का सगळ्यांना, एकाच जागी का सगळीकडे, ठराविक वेळी का दिवसभर. एकालाच असेल तर त्याचा लॅपटॉप बघा, वायफायचा ड्रायव्हर जुना असणं हे फार वेळा निघतं. एकाच जागी असेल तर तिथला एपी, त्याची केबल, त्याचा पोर्ट. सगळ्यांना सगळीकडे असेल तर बहुतेक वेळा वायफाय नसतंच, मागे काहीतरी बिघडलेलं असतं.

मग राउटरच्या पत्त्याला पिंग (उत्तर येतंय का आणि किती वेळात ते बघणारी छोटी तपासणी) लावा आणि दोन मिनिटं चालू ठेवा. राउटरपर्यंतच वेळ वरखाली होतोय किंवा पॅकेट गळतायत, तर त्याच स्विचला वायरने लॅपटॉप लावून परत बघा. वायरवर स्वच्छ आणि हवेत गळती म्हणजे दोष हवेत, दोन्हीकडे गळती म्हणजे दोष वायर, स्विच नाहीतर राउटरमध्ये. राउटरपर्यंत छान पण बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला अडकतंय, तर बाहेरची लाइन. ८.८.८.८ लागतंय पण साइट नावाने उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सोय. आणि डिव्हाइसचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून (पत्ते वाटणारी सोय) पत्ता मिळालेलाच नाही, तेव्हा वाटायचे पत्ते संपलेत का, व्हीएलॅन त्या एपीच्या पोर्टपर्यंत पोचलाय का ते बघा. नवीन एपी लावला की स्विचच्या पोर्टवर व्हीएलॅन टाकायचा राहून जातो, स्टाफचं चालतं आणि गेस्टचं नाही, हे अगदी नेहमीचं.

एका ऑफिसात सकाळी अर्ध्या लोकांचं नेट चालायचं आणि अर्ध्यांचं नाही, रोज वेगळे अर्धे. दोन दिवस मी एपी तपासत बसलो. शेवटी ज्यांचं चालत नव्हतं त्यांच्या लॅपटॉपवर गेटवे (बाहेर जायच्या राउटरचा पत्ता) बघितला तर पत्ताच भलता. कोणीतरी आपल्या टेबलाखाली घरचा राउटर आणून भिंतीच्या पोर्टला लावला होता आणि तोही पत्ते वाटत होता, ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता. तेव्हापासून नव्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या राउटरला पत्ते वाटू न देणारी सोय) मी पहिल्या दिवशीच चालू करतो.

ठराविक वेळी अडकत असेल तर घड्याळ घेऊन बसा. जेवणाच्या वेळी असेल तर मायक्रोवेव्ह, तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. एखाद्याचाच माऊस आणि वायफाय अडखळत असेल तर त्याची यूएसबी ३ ची हार्ड डिस्क काढून बघा, तिची गडबड २.४ मध्ये पडते. कॉल तुटतात पण स्पीड टेस्ट छान, असं असेल तर अपलोड बघा, कोणाचा तरी बॅकअप लाइन भरून टाकतोय, राउटरवर अपलोडची मर्यादा लाइनच्या ९० टक्क्यांवर बांधून स्मार्ट क्यू (एकाने लाइन अडवू नये म्हणून रांग लावणारी सोय) चालू केलं की फरक लगेच कळतो. गेस्टचं लॉगिन पान उघडत नाही तेव्हा मोबाईलवरचं व्हीपीएन किंवा प्रायव्हेट डीएनएस बंद करायला सांगा. प्रिंटर वेगळ्या व्हीएलॅनवर गेल्यापासून दिसत नाही ही तक्रार पण ठरलेली, त्यासाठी एमडीएनएस (ज्यावर प्रिंटर आपण इथे आहोत असं सांगतो) दोन्हीकडे पोचवायची सोय कंट्रोलरमध्ये असते, प्रिंटर परत स्टाफमध्ये ओढू नका.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा, कुठल्या एपीवर, किती वाजता, आधी काय होतं. नवीन फर्मवेअर (एपीच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं की कंट्रोलरचा बॅकअप घेऊन आधी एकाच एपीवर टाका, जिथे रोज माणसं बसतात अशाच, दोन तीन दिवस तिथल्या लोकांना विचारत राहा आणि मग बाकीच्यांवर टाका, तेही ऑफिस सुटल्यावर.