डोंगरातील खिंड ओलांडताना : पायी आणि सायकलवरून

खिंड गाठायची तर पहाटेच निघावे, कारण उंच डोंगरात दुपारनंतर ढग दाटून विजांचा धोका वाढतो. दर १००० मीटर उंचीमागे तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, म्हणून पायथ्याशी ऊन असले तरी वारा अडवणारे जाकीट सोबत हवेच. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. डोके दुखू लागल्यास आणखी वर चढू नये.

सायकलस्वाराची खरी परीक्षा, माझ्या मते, उतारावर असते : रिमवर घासणारे ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम तापून ट्यूब फुटू शकते, त्यामुळे वळणाआधीच दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून वेग आटोक्यात आणावा आणि वळताना बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवावे. पायी उतरताना पावले लहान टाकावीत.